भिंतीवरचा गुण्या

"चार पट्ट्या, आठ काप, एक तास," मापसाहेबांनी सकाळी नऊ वाजता जाहीर केलं. "पाचला आई येतील तेव्हा चौकट भिंतीवर असेल आणि आपण दोघं निवांत चहा पीत बसलेलो असू."

बायको बोलत नाही तेव्हा घरातली भांडी बोलतात. आत एक पातेलं जरा ठसक्यात ओट्यावर टेकलं.

मापसाहेब हे काही त्यांचं नाव नव्हे. ते वजनमाप खात्यात निरीक्षक. दुकानात शिरले की नमस्काराच्या आधी तराजू पुढ्यात ओढायचे आणि दोन्ही पारड्यांतला माल अदलून बदलून ठेवायचे. डावीकडचा उजवीकडे, उजवीकडचा डावीकडे. काटा हलला की तराजू खोटा. "उलटं करून बघितल्याशिवाय कुठल्याही मापावर विश्वास ठेवू नये," हे वाक्य ते इतक्यांदा म्हणत, की गल्लीतले दुकानदार त्यांना लांबून पाहिलं तरी आपणहून तराजू फिरवून ठेवत.

या स्वभावापायीच घोळ झाला होता. गेल्या आठवड्यात सासूबाई धाकट्या लेकीकडे राहायला गेल्या आणि इकडे मापसाहेबांना वाटलं, दिवंगत सासऱ्यांचा फोटो दोराभर कललाय. कललाय की नाही ते बघायला ते स्टुलावर चढले. फोटोच्या डोक्यावर पाणसळ ठेवली. पाणसळीतला बुडबुडा मधोमध आला, फोटो सरळच होता, आणि एवढी खात्री पटल्यावर खिळा निघाला. काच फुटली, चौकटीचे तीन कोपरे सुटले. फोटोला मात्र ओरखडाही नाही. सासरे जमिनीवरून त्यांच्याकडे बघत होते, शांतपणे, मिशीतल्या मिशीत.

सासरे सुतार होते. साधेसुधे नाहीत, गावभरच्या दारांना त्यांचा हात लागलेला. ते गेल्यावर सासूबाई लेकीकडे राहायला आल्या त्या दोन वस्तू घेऊन: एक हा फोटो, आणि दुसरा सासऱ्यांचा गुण्या. गुण्या म्हणजे सुताराचा काटकोन. लाकडी मूठ आणि तिला लोखंडी पट्टी. फोटोच्या शेजारी दुसऱ्या खिळ्यावर तो गेली बारा वर्षं लटकत होता. सासूबाई बाहेरून आल्या की आधी त्या भिंतीकडे बघायच्या आणि मग चपला काढायच्या.

"बाजारात तयार चौकटी मिळतात हो," बायको म्हणाली होती.

"तुझ्या वडिलांच्या हातची चौकट होती ती. तिच्या जागी बाजारातली लावू? आईंना कळणार नाही असं वाटतं तुला?"

"मग सुताराला सांगा."

"सुतार पाच जणांना सांगेल."

आणि त्यांनी यंत्र आणलं. बिनवायरची, बॅटरीवर चालणारी माइटर सॉ. हवा तो कोन लावायचा आणि लाकडाला तिरपा काप द्यायचा. खोक्यातून बाहेर आली तेव्हा एखादा शहामृग मान दुमडून बसल्यासारखी दिसत होती. पट्ट्या त्यांनी सागाच्या आणल्या, चपट्या, अगदी मोजून. हवं त्याहून एक बोट जास्त नाही. जास्तीचं लाकूड आणणं म्हणजे आपल्याच हातावर संशय घेणं.

माहितीपुस्तिका त्यांनी उभ्यानं वाचली, राष्ट्रगीताला उभं राहतात तशी. यंत्र डगमगत्या जागी ठेवू नये, असं पहिल्याच पानावर होतं. घरात न डगमगणारी एकच गोष्ट होती, बायकोचं शिवणाचं टेबल. ते गॅलरीत आलं. त्याला चार भोकं पडली. भोकांतून चार बोल्ट गेले.

"माझ्या टेबलाला भोकं पाडलीत?"

"चारच."

"चारच म्हणे."

मग खडूनं जमिनीवर एक रेघ ओढली गेली. रेघेच्या अलीकडे फक्त चालक, पलीकडे कुटुंब. बाह्या कोपराच्या वर. घड्याळ काढून फळीवर. हातमोजे घालायचे नाहीत, कारण फिरतं पातं मोजा पकडतं आणि मोज्याबरोबर हात. यंत्राला हात लावायचा तर बॅटरी आधी बाहेर; ती त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवली, त्यामुळे छातीची एक बाजू पहिलवानाची आणि एक कारकुनाची दिसू लागली.

"आता पातं काटकोनात आहे का ते बघायचं," ते म्हणाले.

"कारखान्यातून बघूनच पाठवलं असेल."

"कारखाना! मी कारखान्याच्या सीलवर जगतो का?" आणि त्यांनी हॉलमध्ये जाऊन भिंतीवरचा गुण्या उतरवला.

बायकोच्या हातातला कपडा थांबला. "तो कशाला काढलात?"

"याच्याइतकं खरं माप घरात दुसरं कुठलं आहे?"

"अहो, राहू द्या ना. आठवण आहे ती. खालच्या डॉक्टरांकडे कंपासपेटी असेल बघा, त्यांच्या नातीची."

"सुताराचा जावई आणि कंपासपेटी?"

तिचा चेहरा उतरला. वडिलांची वस्तू, मन हळवं होणारच, असं मापसाहेबांना वाटलं. त्यांनी गुण्या कपाळाला लावला, पात्याला टेकवला आणि वाकून पाहिलं. पातं आणि पट्टी यांच्यामधून उजेडाची बारीक कोर दिसली.

"बघ," ते हरखून म्हणाले. "यंत्र चुकलंय."

त्यांनी मागच्या आडव्या टेकणीचे स्क्रू सैल केले, यंत्राला गुण्याच्या शिस्तीत आणलं, स्क्रू पुन्हा आवळले. उजेड गेला. मग पातं पंचेचाळीसवर वळवलं आणि पक्कं केलं. दोन्ही बाजूंचे काप घ्यायला यंत्र एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवावं असं पुस्तिकेत होतं. पण एकदा लावलेलं माप हलवायचं नाही, हा खात्यातला दंडक. यंत्र जागच्या जागी राहील, पट्टीच पालथी घालायची.

पट्टी क्लॅम्पमध्ये आवळली. बॅटरी चढली. खटका दाबला, आणि गॅलरीत जणू मधमाश्यांचं अख्खं मोहोळ उठलं. पातं पूर्ण वेगात येईपर्यंत थांबले, हळूच खाली आणलं, खटका सोडला, पातं थांबेपर्यंत पुन्हा थांबले, मग वर उचललं. सागाचा ताजा भुसा हवेत तरंगला, उन्हात सोनेरी झाला, आणि निवांतपणे वाळत घातलेल्या कपड्यांवर उतरला.

दुसऱ्या कापाला दाराची बेल वाजली. खालचे दातांचे डॉक्टर. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण कानाशी काही घरघरलं की अजूनही त्यांचा उजवा हात आपोआप आरसा धरल्यासारखा वर यायचा.

"साहेब, हा आवाज कसला? मी झोपलो होतो, दचकून उठलो. वाटलं, पेशंट खुर्चीतच विसरलोय."

त्यांना खडूच्या रेघेपलीकडे उभं करण्यात आलं. दहा मिनिटांनी ते खाली जाऊन आपला दवाखान्यातला जुना संरक्षक चष्मा आणि तोंडाचे दोन मास्क घेऊन आले, एक मास्क साहेबांना, एक स्वतःला. आता पट्ट्या जोडायच्या होत्या. पहिला कोपरा बसला. दुसरा बसला. तिसरा जरा दाबून बसवला. चौथ्यात तीन बोटांची फट.

डॉक्टर वाकले. "तोंड मिटत नाहीये."

"लाकूड दमट आहे," मापसाहेब म्हणाले.

एकेक टोक पुन्हा कापलं. पुन्हा बॅटरी बाहेर, पुन्हा गुण्या, पुन्हा एक डोळा मिटून पाहणं. यंत्र गुण्याला तंतोतंत जुळत होतं. पुन्हा आठ काप, पुन्हा तीन कोपरे बंद आणि चौथा वासलेला.

"टेबल तिरपं आहे," मापसाहेब म्हणाले.

"माझं टेबल आजवर कधी तिरपं नव्हतं," आतून आवाज आला. "भोकं पडायच्या आधी तरी."

टेबलाच्या एका पायाखाली पुठ्ठा गेला. पुन्हा आठ काप. मग दोष डॉक्टरांवर आला, की ते रेघेवर उभे राहून टेबल हलवतात. डॉक्टरांनी पाय मागे घेतला. पुन्हा आठ काप. बारा वाजले, एक वाजला. जेवायला बोलावणं आलं आणि परत गेलं. बायको दर थोड्या वेळानं दारात यायची, तोंड उघडायची, गुण्याकडे बघायची, आणि परत आत जायची. एकदा मात्र तिला राहवलं नाही.

"अहो, एक सांगू?"

"दमाने. फट कमी होतेय."

खरंच होत होती. तीन बोटांची दोन झाली, दोनाची दीड. मापसाहेबांचा चेहरा उजळला. डॉक्टरांनी मास्क क्षणभर खाली ओढला आणि पेशंटच्या नातेवाइकांशी बोलायच्या आवाजात म्हणाले, "साहेब, फट कमी होतेय कारण चौकटच कमी होतेय."

मापसाहेबांनी हातातल्या चौकटीकडे पाहिलं. सकाळी तिच्यात सासरे छातीपर्यंत मावत होते. आता फार तर मिशी मावली असती. पट्ट्यांची लांबी वीतभर उरली होती, आणि पुस्तिकेत स्पष्ट होतं: हात पात्यापासून वीतभर लांब ठेवता येत नसेल, इतका लहान तुकडा कापू नये. त्यांनी निमूटपणे बॅटरी काढली. सुरक्षेचा एकही नियम मोडला नव्हता. दहाही बोटं जागेवर होती. फक्त चौकट गेली होती.

आणि चार वाजताच बेल वाजली. सासूबाई. जावयाला स्टेशनवर हेलपाटा नको म्हणून आधीच्या गाडीनं आल्या होत्या.

त्यांनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर एक खिळा आणि एक भोक. चपला त्यांनी काढल्याच नाहीत. भुश्यातून उमटलेल्या पावलांच्या मागोमाग त्या गॅलरीत आल्या आणि तिथं हे दोन पुरुष, मास्क लावलेले, आणि त्यांच्या मधे टेबलाला जखडलेलं यंत्र.

"कुणाचं ऑपरेशन चाललंय?" त्यांनी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "माझा फक्त चष्मा आहे," आणि हळूच जिन्याकडे सटकले.

मापसाहेबांनी सगळं सांगून टाकलं. पाणसळ, बुडबुडा, खिळा, काच. सांगता सांगता ते सागाच्या भुश्यात उभे राहून शाळेतल्या मुलासारखे होत गेले. "यंत्रात काही खोट नाही आई. मी स्वतः या गुण्यानं लावलंय. दर वेळी लावलंय."

"आई," बायको दारातून म्हणाली. तिचा आवाज नऊ वर्षांच्या पोरीचा झाला होता. "गुण्या खोटा आहे. माझ्यामुळे. मी लहानपणी झाडावरची फळं पाडायला तो फेकला होता. दगडावर आदळला. मी पट्टी वाकवून परत सरळ केली आणि बाबांच्या पेटीत ठेवून दिला. इतकी वर्षं मला वाटायचं, बाबांनी त्या वाकड्या गुण्यानं दारं केली असतील, ती कुठंतरी लागत नसतील, लोक त्यांना बोलत असतील." तिनं पदर डोळ्यांना लावला. "आज सकाळपासून सांगायचं होतं. तोंडच उघडेना."

सासूबाईंनी शिवणाच्या टेबलावरची पेन्सिल उचलली. यंत्राच्या खोक्याच्या पुठ्ठ्याला, सरळ कडेशी गुण्या टेकवून एक रेघ मारली. गुण्या उलटा केला, त्याच जागी टेकवला, दुसरी रेघ मारली. दोन रेघा पायाशी एक होत्या आणि वर जाता जाता एकमेकींपासून दूर झाल्या, रुसलेल्या बहिणींसारख्या.

"त्याच संध्याकाळी त्यांनी असंच करून बघितलं होतं," त्या म्हणाल्या. "मला दाखवलं आणि हसले. उंबऱ्यावर टाच देऊन तू पट्टी सरळ करत होतीस ते मी खिडकीतून पाहिलंच होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवा गुण्या आणला, आणि हा खिळ्याला लावला. म्हणाले, पोरीनं पहिल्यांदा हत्यार हातात घेतलं, राहू दे आठवण. अगं, चालतं हत्यार कुणी भिंतीवर लावतं का?"

बायको खाली बसली आणि रडता रडता हसायला लागली. छत्तीस वर्षांचं ओझं होतं, उतरायला वेळ लागणारच.

मापसाहेब मात्र पुठ्ठ्याकडे बघत होते. आठ काप, आणि आठही कापांत तीच चूक. गावातला एकेक तराजू त्यांनी उलटून पाहिला होता.

"तुम्ही उलटा करून बघितला नाहीत का हो?" सासूबाईंनी विचारलं. खोचकपणे नाही, नुसतं विचारलं, आणि तेच जास्त लागलं.

"तो मामंजींचा होता," मापसाहेब पुटपुटले. "आणि चौकटही त्यांच्या हातची, म्हणून..."

"कुठली? फोटोची?" सासूबाईंनी अखेर चपला काढल्या. "ती बाजारातली. सुताराला घरची चौकट करायला कधी वेळ होता?"

आत भांडी बोलली नाहीत. बायकोनं चहा टाकला होता, तिघांना. चहा घेता घेता सासूबाईंनी गुण्या पदरानं पुसला आणि लेकीच्या मांडीवर ठेवला. "हा आता तुझ्यापाशी ठेव. भिंतीवर नको."

मग त्यांनी भिंतीवरच्या, न चालणाऱ्या हत्याराच्या मोकळ्या झालेल्या खिळ्याकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं, पुन्हा खिळ्याकडे पाहिलं. मापसाहेबांनी आयुष्यभर लोकांची मापं तपासली होती. आपलं माप घेतलं जातंय, हे त्यांनी लगेच ओळखलं.