शिगेची वाटी

देवपूरच्या विहारात बुद्धपौर्णिमेची खीर अठरा वर्षं द्रौपदाबाईंच्या पितळी वाटीने होत आली होती. यंदा समितीचे अध्यक्ष तोतारामनाना म्हणाले, कृती ग्रॅममध्ये लिहून द्या, नाहीतर पुढच्या वर्षीपासून खीर आचाऱ्याकडे. नाना वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. निवृत्तीला सहा वर्षं झाली तरी भाजीवालीचा काटा अजून वाकून बघायचे.

द्रौपदाबाईंनी वाटी पुढे ठेवली. "माले ग्राम नही समजत, नाना. मन्ही वाटी समजस. चाळीस वाट्या मनुका, चाळीस वाट्या खारीकनी पूड."

नानांनी वाटी उलटी करून पाहिली. "हिच्यावर शिक्का कुठंय? बिनशिक्क्याचं माप चालत नाही."

मग त्यांनी आपला इलेक्ट्रॉनिक काटा मांडला. वाटी मनुक्यांनी भरली, वर शीग चढली, आणि नानांनी काठावर बोट फिरवून शीग पाडून टाकली. आमच्या खानदेशात सोयऱ्याला शेंगदाणेसुद्धा कोणी असे देत नाही. सून संघमित्रा म्हणाली, आई कायम शिगेनेच भरतात. नाना म्हणाले, शीग म्हणजे अंदाज, माप नव्हे.

खारकेची पूड तेव्हा घरात नव्हती. नानांनी अख्ख्या खारका वाटीत उभ्या केल्या. पाच बसल्या. संघमित्रा पुन्हा काही बोलणार, तोच त्यांनी तिला थांबवलं. "खारीक ती खारीक. कुटल्याने वजन वाढतं का?"

वजन वाढत नाही, हे खरंच. पण पाच खारकांमधल्या फटी आणि आतल्या बिया नानांनी चाळीसने गुणल्या.

पौर्णिमेच्या सकाळी सामान ग्रॅमला ग्रॅम तोलून आलं. द्रौपदाबाईंनी घरून एक पत्र्याचा डबा आणला होता. बसायला म्हणून आणला असं सांगून त्या कढईशेजारी त्यावरच बसल्या. बिया काढून खारका कुटल्या, तर पूड निम्मीसुद्धा भरेना. या खिरीत साखर नावाला, गोडी सगळी खारकेची. संघमित्राचा जीव वरखाली होऊ लागला. तिने थोडं वाढवू का म्हणून विचारलं.

"कागदवर जे लिखेल शे तेच टाक," द्रौपदाबाई म्हणाल्या. "एक मनुकाबी जास्ती नको."

त्यांना राग आला होता आणि तो त्यांनी लपवलाही नाही. अठरा वर्षं लोक कढई खरवडून खीर नेत होते, तेव्हा कोणी शिक्का विचारला नव्हता.

वंदना आटोपली, रांग लागली. पहिली खीर मानाने नानांना. त्यांनी एक चमचा तोंडात घातला आणि उठून कढईत पळी फिरवली. एक मनुका वर आला, एकटाच. रांग फाटकाबाहेर गेली होती. नाना हळूच म्हणाले, "अक्का, काही करता येईल का?"

द्रौपदाबाई डब्यावरून उठल्या. झाकण काढलं. आत खारकेची पूड, मनुक्यांची मोठी पिशवी आणि वर ती पितळी वाटी. नानांनी वाटीसाठी हात पुढे केला.

"तिनावर शिक्का नही शे, नाना."

नाना खाली बघत म्हणाले की शिक्क्याचं राहू द्या, मी सांगतो ना.

वाटी मिळाली, पण ती नानांनीच भरायची, या अटीवर. सगळी रांग बघत होती. पूड भरली, शीग चढली. सवयीने नानांचं बोट काठाकडे गेलं. द्रौपदाबाई त्या बोटाकडे बघत राहिल्या. नानांनी तो हात खिशात घातला आणि दुसऱ्या हाताने शिगेवर आणखी चिमूटभर पूड ठेवली.