प्रमाणित ओठ

पाणीपुरवठा खात्याच्या ब्रास बँडमधील कॉर्नेटवादकाने समोरचा दात नवा बसवून घेतला आणि त्या छोट्या पितळी वाद्याचा ओठाला लावून फुंकायचा जुना माउथपीस त्याला सोसेना. कड नेमकी त्या दातावर दाबायची. चार ओळी वाजवल्या की ओठ सुजलाच. इकडे नव्या पुलाचं उद्घाटन महिन्यावर आलेलं, आणि त्यात आठ ओळी त्याने एकट्याने वाजवायच्या होत्या. बावीस वर्षं दुसऱ्यांना साथ दिल्यावर पदरात पडलेल्या या पहिल्याच आठ ओळी.

दादाचं (बँडमध्ये त्याला सगळे दादाच म्हणत) म्हणणं साधं होतं. दुकानात जातो, रुंद कडेचे दोन-चार फुंकून पाहतो, जमेल तो आणतो. बँडमास्तरांना त्याची कीव आली. आवडीनिवडीवर खातं चालत नसतं, असं त्यांनी प्रेमाने समजावलं आणि माउथपीस निवड समिती नेमवली. समिती निःपक्षपाती असावी, म्हणून वाजवणाऱ्या कुणालाही तीत घेतलं नाही.

समितीने खात्यातल्या एकशे चाळीस जणांचे ओठ मोजले. टायपिस्टबाईंनी लिपस्टिकसह आणि लिपस्टिकविना अशी दोन मापं दिली. दोन्ही धरली गेली. सरासरी निघाली, त्या मापाचा माउथपीस आला. दादाने समितीपुढे तो लावून फुंकला. पंक्चर झालेल्या सायकलच्या चाकातून जावी तशी नुसती हवा गेली.

अध्यक्षांनी तिथल्या तिथे निष्कर्ष लिहवून घेतला : माउथपीस निर्दोष, ओठ अप्रमाणित.

"पण साहेब, कॉर्नेट मी वाजवतो," दादा म्हणाला.

"सध्या," अध्यक्ष म्हणाले.

प्रमाणित ओठ सापडले ते जुन्या फायली सांभाळणाऱ्या कारकुनाकडे. त्या बिचाऱ्याने आयुष्यात चहाखेरीज काही फुंकलं नव्हतं, आणि तसं त्याने लेखी कळवलंही. त्यावर शेरा आला : अनुभवाची अट नाही.

दादाला तिसऱ्या रांगेतला पास मिळाला. निघताना बायकोने विचारलं, "मलम ओठाला लावू, की समितीला?"

पुलावर बँड वाजत आला आणि त्या आठ ओळींसाठी थांबला. कारकुनाने कॉर्नेट उचललं, गाल फुगवले, तोंड लालबुंद केलं. खालून नदीचं पाणी तेवढं ऐकू येत होतं. कॉर्नेटच्या तीन कळा दाबणारी दादाची तीन बोटं आपसूक गुडघ्यावर दाबली जात होती. आठही ओळी त्याने तिथेच वाजवल्या, एकही चूक न करता.

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. पहिल्या रांगेत प्रमुख पाहुण्यांचे डोळे मिटलेले दिसले, तेव्हा कुणीतरी टाळी वाजवली. मग टाळ्यांचा नुसता पाऊस.

"काय संयम आहे हो," शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ दादाला म्हणाले. "एक सूर जास्त नाही."

"तुम्हाला ऐकू आलं?"

"मला नाही," टाळ्या न थांबवता ते म्हणाले, "पण एवढे लोक वेडे आहेत का?"

हे गृहस्थ कोण, ते दादाला ठाऊक नाही. त्या दिवशी तुमची खुर्ची कितव्या रांगेत होती?