चौगुले मामांचं एक मत

चौगुले मामांबरोबर दाढी करायला जाऊ नये. आपण खुर्चीत मान मागं टाकून बसलेलो असतो, वस्तरा गळ्याशी आलेला असतो आणि मागच्या बाकड्यावरून मामांची हाळी येते, "बॅटरीवरच्या गाड्या बऱ्या, असं कुणाकुणाला वाटतंय? हात वर." कारागिराचा हात वर जातो, वस्तऱ्यासकट.

मामा एसटीत कंट्रोलर होते. आयुष्यभर स्टँडवर माइकसमोर बसून गारगोटी, मुरगूड, हुपरीच्या गाड्या पुकारल्या. निवृत्त झाल्यावर माइक गेला, आवाज राहिला. तो आवाज कुठंतरी वापरायचा म्हणून मामा चारचौघांची मतं घेत हिंडतात, असं आमच्या मंगळवार पेठेतल्या गल्लीचं मत आहे. एवढं एकच मत मामांनी कधी अधिकृतपणे घेतलेलं नाही.

त्यांना विषय कुठलाही चालतो आणि जागाही. माझ्या चुलत्यांच्या रक्षाविसर्जनाला नैवेद्याला कावळा शिवेना. ऊन चढलं, पाहुणे ताटकळले. मामा पुढं झाले. "अजून थांबावं का गाईला घालावं? गाईच्या बाजूनं हात वर." गाईला बहुमत मिळालं. नेमका तेवढ्यात कावळा आला. मामांनी त्याला हाकललं आणि म्हणाले, "निकाल लागल्यावर येतोस व्हय?"

स्वतःचं मत मात्र ते कधी सांगत नसत. "घेणाऱ्यानं द्यायचं न्हाय," हा त्यांचा नियम. मामी होत्या तेव्हा त्या ताट वाढून विचारायच्या, "आमटी कशी झालीया?" मामा समोरच्या दोन्ही पोरांकडं बघून म्हणायचे, "बरी झालीया म्हणणाऱ्यांनी हात वर." मामी पुटपुटायच्या, "ह्या माणसाच्या तोंडातनं एक शब्द काढायला मला दुसरा जन्म घ्यायला लागंल." पुढं मामी गेल्या. पोरं पुण्याला आणि बंगळूरला स्थिरावली. तीन खोल्यांचं घर, पुढं फरसबंदी अंगण आणि मामा, एवढंच मागं राहिलं.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडाला टीव्हीवर रोज संध्याकाळी एकच भांडण चालू होतं. परदेशातून आसऱ्याला येणाऱ्या लोकांबाबत सरकारनं काय धोरण ठेवावं? मामांनी तो प्रश्न उचलला आणि गल्लीबोळांतून फिरवला. "जीव वाचवायला आलेल्या परक्या माणसाला सरकारनं ठेवून घ्यावं का न्हाय? हात वर."

मिसळवाला म्हणाला, "खरा कोण आन् खोटा कोण, हे कळायचं कसं?" मगदूम अण्णा म्हणाले, "आपल्याच पोरास्नी कामं न्हाईत." कोपऱ्यावरच्या पाटलाच्या आजीनं विचारलं, "जेवलाय का त्यो?"

"आजी, तसं न्हाय. ठेवावं वाटत असंल तर हात वर करा."

"माझा खांदा धरलाय," आजी म्हणाली. "पण त्याला आधी इचार, जेवलाय का."

मामांनी तो हात बाद धरला. महिनाभर मतं गोळा करून त्यांनी तालमीच्या, म्हणजे आमच्या गल्लीच्या मंडळाच्या, कट्ट्यावर खड्या आवाजात निकाल दिला: लोकांच्या मते सरकारनं कुणाला घेऊ नये. बरं की वाईट, काही बोलले नाहीत. गाडी सुटल्यासारखे घरी निघून गेले.

पण तो प्रश्न टीव्हीतून उतरून आमच्याच गल्लीत यायचा होता.

तालमीच्या मैदानाकडेला दर थंडीत दोन तिबेटी बायका स्वेटर विकायला बसतात. त्यांतली पेमा सगळ्यांच्या ओळखीची. तिचे आईवडील घर सोडून बर्फातून चालत या देशात आले. तिचा जन्म इथलाच, कर्नाटकातल्या त्यांच्या वसाहतीतला. तरी सरकारी कागदावर ती अजून निर्वासितच. मगदूम अण्णांशी ती कन्नडमध्ये घासाघीस करते आणि आमच्याशी मराठीत. दोन्हीकडं भाव सोडत नाही.

त्या हिवाळ्यात तालमीचा अध्यक्ष संभा म्हणाला, "मैदान द्यायचं न्हाय." संभा वाईट माणूस नाही. कुणाच्या घरी मध्यरात्री दुखलंखुपलं तर गाडी त्याचीच निघते. पण भावाचं रेडिमेडचं दुकान होतं, आणि मनात भीतीही होती. "उद्या कायतरी झालं तर पोलीस माझ्या दारात येत्यात," तो म्हणाला. "बातम्या बघताय न्हवं?"

रविवारी सकाळी तालमीत बैठक बसली. मत घ्यायला अर्थातच मामा. मी भाडेकरू असल्यानं मला मत नव्हतं. मी दाराशी उभा राहून बघत होतो.

"मैदान देऊ नये म्हणणाऱ्यांनी हात वर."

हातांचं रान उभं राहिलं. मगदूम अण्णांचाही हात वर होता, फक्त कोपरात वाकलेला.

"द्यावं म्हणणाऱ्यांनी हात वर."

एकही हात नाही. मामांनी डावीकडून उजवीकडं नजर फिरवली, चष्मा काढून सदऱ्याला पुसला, परत घातला आणि स्वतःचा हात वर केला.

गल्लीनं मामांचं मत पहिल्यांदा पाहिलं.

"मामा, घेणाऱ्यानं द्यायचं न्हाय म्हंताय की," संभा म्हणाला.

"व्हय. आज नियम मोडला." मामांचा हात तसाच वर. "संभा, तुझ्या लग्नाचा बस्ता कुठनं बांधला?"

"गांधीनगरातनं."

"फाळणीत घरदार सोडून आलेल्या माणसांनी वसवलंय ते. त्यांच्या आधी तिथंच, वळिवड्याला, महायुद्धातनं पळून आलेली पोलंडची बायकापोरं ऱ्हायली. त्या वक्ताला आपल्या आज्यापणज्यानं हात वर करून मत घेतलं असतं, तर काय निकाल लागला असता, म्हाईत न्हाय मला."

"त्यो काळ येगळा हुता."

"असंल," मामा म्हणाले. त्यांनी हात खाली घेतला, घसा साफ केला आणि नेहमीच्या आवाजात पुकारलं, "बाजूनं एक. विरोधात बाकी सगळे. ठराव पास. मैदान देण्यात येणार न्हाय."

मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठोकाठोकीनं जाग आली. बाहेर येऊन बघतो तर मामा हातोडी घेऊन स्वतःच्या अंगणाचं लोखंडी फाटक बिजागरीतून काढत होते. मदतीला कोणी नव्हतं. फाटक निघालं, त्यांच्या पायावर पडता पडता राहिलं. ते भिंतीला टेकवून त्यांनी लुना मागं लावली, मामींच्या मोगऱ्याच्या कुंड्या एकेक करून ओढत परसात नेल्या. मी हात लावायला गेलो तर म्हणाले, "कुंड्या माझ्या मीच नेतो. तू झाडू आण."

दुपारी पेमा आणि तिची धाकटी बहीण गाठोडी घेऊन आल्या. मैदानाचं त्यांना काहीच माहीत नव्हतं. मामा गल्लीच्या तोंडाशी उभे होते. "पावणं, यंदा जागा बदललीया," एवढंच म्हणाले आणि एक गाठोडं डोक्यावर घेतलं. सत्तरी ओलांडलेला माणूस तो. पेमा मागून ओरडत आली, "मामा, जड आहे ते." मामा थांबले नाहीत.

संध्याकाळपर्यंत अंगणात स्वेटर टांगले गेले आणि संभा आला.

"मामा, गल्लीचा ठराव झालाय."

"मैदानाचा झालाय. हे घर हाय."

"मग घरातल्यांचं मत घेतलं का?"

त्याला टोमणा मारायचा होता. मामांनी मात्र प्रश्न नीट ऐकून घेतला.

"घेतलं की. सकाळीच घेतलं. हजर एक. एकमतानं मंजूर."

संभा हसायला गेला आणि मध्येच थांबला. मामांच्या मागं घराचं दार सताड उघडं होतं आणि आत तिन्ही खोल्यांत कोणी नव्हतं.

मामा म्हणाले, "पोलिसांचं म्हणशील तर ते बी करून आलोय. दोघींस्नी घेऊन ठाण्यात गेलतो. कागद दावले, नोंद केली, जागामालक म्हणून माझं नाव दिलं. कायतरी झालं तर माझ्या दारात येतील. तुझी भीती मला खोटी वाटत न्हाय, संभा. पण तुझ्या भीतीपायी ह्यांनी कुठं जायाचं?"

संभाचं मत बदललं नाही. आजही बदललेलं नाही. मात्र पहिलं गिऱ्हाईक त्याची आईच होती. संभानं टोकल्यावर ती म्हणाली, "मत येगळं आन् थंडी येगळी."

थंडीचे ते दिवस मामांनी अंगणात खुर्ची टाकून काढले. गिऱ्हाईक कमी दिसलं की उठून पुकारायचे, "लोकरीची टोपी, कानपट्टीसह, थोडा माल शिल्लक हाय." स्टँडचा तो आवाज मैदानापलीकडं जायचा. पेमा कानांवर हात ठेवायची. तिघांचा स्वयंपाक आत मामींच्या चुलीवर, म्हणजे गॅसवर, व्हायचा. पेमाची बहीण नूडल्सचा रस्सा करायची. मामा त्यात कांदालसूण चटणी घालून खायचे आणि कसा झालाय असं विचारलं की चटकन म्हणायचे, "झ्याक झालाय."

ऊन तापू लागलं तशा त्या दोघी वसाहतीकडं परत गेल्या. मामांनी त्यांना स्टँडवर सोडलं आणि दुसऱ्या दिवशी फाटक बसवून घेतलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मामा आमच्या दारात आले. हातात दुधाचं भांडं, वर ताटली झाकलेली.

"त्या दोघींसाठी दूध वाढवलं हुतं," ते म्हणाले. "कमी कर म्हणून गवळ्याला सांगायचं ऱ्हायलं. वाया जाईल, तर घ्या."

बायकोनं भांडं आत नेलं आणि चहा टाकला. मामा बसले. पेमाच्या बहिणीचं लग्न ठरतंय, मुलगा बरा वाटतो, असं सांगत राहिले. चहा संपला तरी उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी परत तसंच भांडं. त्याच्या पुढच्या दिवशीही.

"मामा, मी सांगू का गवळ्याला?" मी न राहवून विचारलं.

मामांनी बशीत चहा ओतला आणि त्यावर फुंकर घातली.

"नको," ते म्हणाले. "येऊ दे की. येतंय तवर येऊ दे."