मंजूर फुगडी

लाल पेन्सिल कचेरीत ठेवायची की घरी न्यायची, एवढाच प्रश्न होता. गुरुदासने ती घरी नेली आणि पुढचं सगळं रामायण घडलं.

त्याचं असं झालं. गावच्या बावीचा, म्हणजे विहिरीचा, रहाट मोडून दीड वर्ष झालं होतं. बायका नुसत्या दोरीने पोहरा ओढत होत्या आणि नव्या पंचायतीचे सरपंच काशीरामभाऊ ‘बसवतो’ म्हणत होते. गेल्या गणेश चवथीत बायकांनी फुगडी घालताना त्यावर गाणं म्हटलं, तेही मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांसमोर. भाऊंचं नाक कापलं गेलं. यंदा त्यांनी ठराव केला: फुगडीची गाणी आधी कचेरीला दाखवावीत, नामंजूर शब्द मांडावर, म्हणजे फुगडीच्या जागी, उच्चारला, तर फुगडी कायमची बंद. मंजुरी देणार कारकून गुरुदास. त्याची नोकरी अजून कायम व्हायची होती, म्हणून तो ‘हो’ म्हणाला. अडचण एवढीच, की गावातली गाणी रचायची त्याचीच बायको, सुगंधा.

“सांग तुझा गाणा, लिवन घेतंय,” तो म्हणाला.

सुगंधाने तांदूळ निवडता निवडता सांगितलं:

“बावीवर रहाट खंय गो, खंय?
सरपंचाच्या तोंडात आसा, बावीवर नाय.”

“‘सरपंचाच्या तोंडात’ चलाचा नाय.”

“कित्याक? खोटा आसा?”

“खरा आसा म्हणानच.” गुरुदासने लाल रेघ ओढली.

सुगंधाने हात पुढे केले. तळव्यांना दोरीचे चरे पडले होते. “वर्साभर आमी ऐकतांव. चवथीक पाच दीस बोलतांव. ता पण बोलूचा नाय?”

गुरुदासला वाईट वाटलं. पण कायम होण्याचा कागद भाऊंच्या सहीवाचून अडला होता.

“बरा,” ती म्हणाली. “आता दुसरा लिवा:

घोव माझो पेन्सिल धरता, दमता गो, दमता,
पोहरो ओढूक सांगलंय, तर न्हाणयेत लपता.”

इथे घोवाच्या, म्हणजे नवऱ्याच्या, पेन्सिलीचं टोक मोडलं. नवं काढून गुरुदासने ‘घोव माझो’ आणि ‘न्हाणयेत लपता’ दोन-दोनदा खोडलं. (हे ठरावात बसत नव्हतं, पण सरकारी अधिकार थोडा घरच्यासाठीही वापरला जातोच.)

“मगे खोडलेल्या जाग्यार काय म्हणतल्यात?” त्याने विचारलं.

“तुमी काळजी करू नकात. नामंजूर शब्द आमच्या तोंडातून येवचो नाय.”

गौरीच्या दुपारी देवळापुढच्या मांडावर गाव लोटला. फुगडीत वेग धरायला बायका मध्ये मध्ये ‘फू फू’ करतातच. सुगंधाने तेवढंच केलं:

“बावीवर रहाट खंय गो, खंय?
फू फू फू फू आसा, बावीवर नाय.”

चाकरमान्यांचे कान उभे राहिले.

“खंय आसा म्हणता?” एकाने विचारलं.

“सरपंचाच्या गोठ्यात आसतलो.”

“गोठ्यात खंयचो? वेंगुर्ल्याक नेवन इकल्यान.”

भाऊ ताडकन उठले. आजवर त्यांच्यावर फक्त आळसाचा आरोप होता, आता चोरीचा आला. “गुरुदास, मूळ शब्द वाच. सगळ्यांका कळांदेत.”

गुरुदासने कागद काढून कचेरीच्या आवाजात वाचलं, “‘सरपंचाच्या तोंडात.’”

हसून हसून गाव आडवा झाला. तोवर बायकांनी दुसरं धरलं होतं: “फू फू पेन्सिल धरता, दमता गो, दमता…”

“ह्या पण वाच,” भाऊ म्हणाले. एकट्याने हसं करून घ्यायची त्यांची तयारी नव्हती.

“त्याची आवश्यकता नाही,” गुरुदास एकदम शुद्ध मराठीत म्हणाला.

“ठराव सगळ्यांका सारखो. वाच.”

गुरुदासने वाचलं. न्हाणीपर्यंत वाचलं. त्याने वर पाहिलं तेव्हा सुगंधा पदर खोचून शांत उभी होती. तिने नियमाचं एक अक्षर मोडलं नव्हतं, आणि जे बोलायला बंदी होती ते बंदी घालणाऱ्यांकडूनच वदवून घेतलं होतं. गुरुदासला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर लाजेपेक्षा तिचा अभिमान जास्त वाटला.

आठवड्यात रहाट बसला. ठराव रद्द झाला. (तो रद्द केल्याचा ठरावही गुरुदासनेच लिहिला.) त्याची नोकरीसुद्धा कायम झाली, कारण पुढच्या चवथीला त्यावर गाणं येईल अशी भाऊंना धास्ती होती.

रहाटाच्या पहिल्याच सकाळी सुगंधाने कळशी नवऱ्यापुढे ठेवली. “आता दमूक कारण नाय.”

काहीतरी महत्त्वाचं आठवल्यासारखा चेहरा करून गुरुदास न्हाणीत शिरला आणि त्याने आतून कडी लावली. थोड्या वेळाने भरल्या कळशा घेऊन बायका परसातून चालल्या. कोणी अवाक्षर काढलं नाही. न्हाणीच्या दाराशी आल्यावर एकेकीने फक्त ‘फू फू’ केलं, आणि त्यात खोडण्यासारखं काही नव्हतं.