साळूकाकीची झडती

साळूकाकी कुणाच्याही घरी आली, की पाणी मागायच्या आधी कोनाड्यात हात घालायची. तिथली औषधाची बाटली काढायची, बूच उघडून हुंगायची आणि विचारायची, “ह्ये कुनाचं दुखनं?”

उत्तराला जरा उशीर झाला, की बाटली गेलीच. विहिरीपासून लांब, गोठ्यामागं तिनं एक खड्डा खणला होता. सगळ्या गावाची उरलीसुरली मिक्श्चरं त्यात जायची, वर राख पडायची. मग ती बाटलीवरचा डोसाच्या खुणांचा कातरलेला कागद नखानं खरवडायची आणि बाटली घासून पौडच्या दवाखान्यासाठी ठेवायची. साठ सालच्या सुमारास मी ताम्हिणीच्या अलीकडच्या त्या गावात मास्तर म्हणून गेलो, आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या खोकल्याच्या औषधानं तो खड्डा पाहिला.

“काकी, अर्धी बाटली होती!”

“खोकला हाय का अजून?”

“नाही.”

“मग कशाला जपताय? पुढच्या खोकल्याला आवतन धाडताय व्हय?”

मी पुण्याचा, चार बुकं शिकलेला. तरी खड्ड्यावर राख मीच टाकली.

तिचे कायदे दोनच. ज्याचं दुखणं त्याचीच बाटली, आणि चोळायचं औषध प्यायच्या औषधाशेजारी ठेवायचं नाही. चोळायच्या बाटलीच्या गळ्याला ती सुंभ बांधायची, म्हणजे अंधारातही हाताला कळावं.

एकदा पाटलांच्या नातवाला ताप भरला. पाटील त्याला गेल्या साली स्वतःसाठी आणलेलं औषध पाजायला निघाले. काकीनं त्यांच्या हातातली वाटी घेतली आणि उपडी केली.

“माझ्या घरात माझ्यावर हुकूम?” पाटील गरजले.

“पोराच्या पोटात पाटीलकी चालत न्हाई. गाडी जुपा!”

गाडी जुंपली. पोरगं दवाखान्यातून बरं होऊन आलं, पण पाटलांचा अपमान काही बरा होईना. चार माणसं घेऊन ते काकीच्याच घराची झडती घ्यायला निघाले. मीही गेलो. खोटं कशाला बोलू, मजा बघायलाच गेलो.

कोनाड्यात एक बाटली निघाली. काठोकाठ भरलेली, बूच दोऱ्यानं करकचून बांधलेलं. पाटलांचा चेहरा खुलला.

“ह्ये कुनाचं दुखनं, साळू?”

“आमच्या धन्याचं.”

तिचा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. पौडहून औषध घेऊन ती पायी घरी पोचली, तोवर तो गेला होता. सहा डोसांपैकी एकही त्याच्या पोटात गेला नव्हता.

“ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे,” पाटील पुटपुटले. मला माझीच लाज वाटली.

“का म्हनून? कायदा समद्यास्नी एकच!”

ती ताडताड खड्ड्याशी गेली आणि बाटली उलटी केली. शेवटचा थेंब पडेपर्यंत तिचा हात हलला नाही. वर राख टाकली. कागद मात्र या वेळी खरवडला नाही. पाण्यात भिजवून अलगद सोडवला, पदरानं टिपला आणि कमरेच्या चंचीत घातला.

पाटील बघतच राहिले.

“काय बघताय?” काकी म्हणाली. “कागद कुनी पीत न्हाई.”