पाणीपुरवठा खात्याचा मस्कारा

नागरिकाच्या तक्रारीचं समाधान दोन मार्गांनी करता येतं, हे प्रशासन फार पूर्वीपासून जाणून आहे. एक, तक्रार दूर करणं. दोन, ती ऐकताना रडणं. पहिल्या मार्गाला पाना, माणूस आणि रस्ता खोदायची परवानगी लागते. दुसऱ्याला, पाणीपुरवठा खात्याच्या अनुभवानुसार, एक जुना मस्कारा पुरतो.

हा शोध खात्याने लावला नाही, तो आपोआप लागला (मोठे शोध असेच लागतात; खात्यात तर छोटेसुद्धा). तक्रार खिडकीवरच्या मॅडमचे डोळे मुळातच नाजूक. त्यात डोक्यावर एसीचा झोत, समोर संगणक आणि पापण्यांना नणंदेने लग्नात भेट दिलेला मस्कारा. लग्न मॅडमचं, आणि मॅडमची मुलगी आता आठवीत होती. मस्कारा सुकला की नळीत चार थेंब पाणी घालायचं (नळाला आलं असेल तर) आणि हलवून घ्यायचं. शिवाय पापणीच्या आतल्या ओल्या कडेवर लायनरची ठसठशीत रेघ, कारण त्याशिवाय आपला चेहरा झोपेतून उठल्यासारखा दिसतो असं मॅडमचं ठाम मत. तीच नळी नणंद वापरायची, तीच मुलगी शाळेच्या नाटकात लावायची. घरात एकमेकींवर फार जीव होता.

परिणाम असा, की खिडकी उघडून तास झाला नाही तोच मॅडमच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागायचं.

अशाच एका वेळी एक आजोबा तक्रारीचा कागद घेऊन खिडकीशी आले.

"आमच्या गल्लीत पाणीच नाही गं पोरी."

मॅडमनी वर पाहिलं. डोळे लालबुंद, गालावर काळा ओघळ. आजोबा चपापले.

"अगं अगं, रडू नकोस! एवढंही काही नाही. शेजारच्या गल्लीतून बादल्या आणतो की आम्ही."

"तसं नाही हो आजोबा, डोळे जरा…"

"कळतं गं मला. त्या खुर्चीत बसून कुणाच्या तरी जिवाला लागतंय, बास झालं!"

आजोबा कागद ठेवून तृप्त मनाने घरी गेले. मॅडमना त्यावरची अक्षरं मुंग्यांच्या रांगेसारखी दिसत होती, म्हणून त्यांनी तो बाकीच्या कागदांवर ठेवून दिला.

मग काय, गावभर झालं. शेजारच्या प्रभागातले लोक, ज्यांच्या नळाला व्यवस्थित पाणी होतं, तेही खिडकीवर येऊन मन मोकळं करू लागले. समाधानी नागरिकांचं प्रमाण नऊ टक्क्यांवरून चौऱ्याण्णववर गेलं (उरलेल्या सहांना हुंदका आल्यामुळे मत देता आलं नाही). पाणीपुरवठ्याचं प्रमाण होतं तेच राहिलं. साहेबांनी ताबडतोब परिपत्रक काढलं: यापुढे सर्व खिडक्यांवरील कर्मचाऱ्यांनी मॅडमच्याच नळीतील मस्कारा लावावा, लावून झाल्यावर पुढील खिडकीकडे द्यावा, ब्रश धुऊन शासकीय पाणी वाया घालवू नये. वसुली खिडकीवरचे मिशीवाले कारकून आधी फार कुरकुरले. पण दुसऱ्याच दिवशी त्यांचे दोन्ही डोळे टम्म सुजले आणि लोक बिल भरून वर त्यांना जपायला सांगून जाऊ लागले.

मॅडमचं मात्र दिवसेंदिवस कठीण होत चाललं होतं. डोळ्यांत वाळू घातल्यासारखं खुपायचं. बसची पाटी दिसेना. आणि एका संध्याकाळी शाळेच्या फाटकातून त्यांनी मुलीचा हात धरला, कोपऱ्यापर्यंत तिला डबा का संपवला नाहीस म्हणून रागावत नेलं, तेव्हा ती मुलगी भीतभीत म्हणाली, "काकू, मी तुमची नाहीये." त्या दिवशी मॅडम खरोखर रडल्या. कुणाला त्यात काही विशेष वाटलं नाही.

शेवटी मॅडम डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या.

"हा मस्कारा केव्हाचा?"

"लग्नातला."

"कुणाच्या?"

"माझ्याच की."

डॉक्टरीणबाईंनी हातातली बॅटरी खाली ठेवली. "तुमचे डोळे कोरडे पडलेत."

"कोरडे? अहो, मी दिवसभर रडते!"

"म्हणूनच! डोळा कोरडा पडला की खुपतं, खुपलं की तो घाबरून भसाभसा पाणी सोडतो. त्या पाण्याचा उपयोग मात्र शून्य."

खात्यात इतकी वर्षं काढल्यामुळे मॅडमना हे तत्त्व लगेच समजलं.

डॉक्टरीणबाईंनी खडसावून सांगितलं. ती नळी आजच्या आज फेका. डोळे बरे होईपर्यंत काहीही लावू नका, नुसते औषधाचे थेंब आणि कोमट पाण्याची घडी. नंतर नवा मस्कारा आणा, तोही तीन महिन्यांनी टाकून द्या, आणि सख्ख्या बहिणीलाही देऊ नका. चकचकीत भुकटी नको. थेंब घातले तर थोडं थांबून मग नटा. रात्री सगळं पुसल्याशिवाय उशीला डोकं टेकू नका.

"आणि लायनर?" मॅडमनी काकुळतीला येऊन विचारलं.

"लावा की. पण पापणीच्या बाहेर. आत डोळा असतो."

नळी आता खात्याची मालमत्ता असल्याने ती तेवढी फेकता आली नाही, साहेबांकडे जमा करावी लागली; बाकी मॅडमनी सगळं पाळलं. महिन्याभरात डोळे स्वच्छ झाले, आणि खिडकीत बसून त्यांनी पहिल्यांदा वाचला तो आजोबांचा कागद. त्यात एकच ओळ होती: गल्लीच्या तोंडाचा व्हॉल्व्ह खात्याच्याच माणसाने बंद केला आहे, तो उघडावा. मॅडमनी चावीवाल्याला पाठवलं. त्याने व्हॉल्व्ह फिरवला. संध्याकाळी गल्लीत पाणी आलं. मॅडमना इतका आनंद झाला, की दुसऱ्या दिवशी त्यांनी नवी लायनरची रेघ, अर्थात बाहेरून, अगदी कानाकडे खेचून लावली.

सकाळीच आजोबा तणतणत आले.

"पाणी आलं ना, आजोबा?"

"आलं. त्याचं काय एवढं? पूर्वी मी तोंड उघडलं की तुझे डोळे भरून यायचे. आता नुसती टुकूटुकू बघतेस. माणुसकीच राहिली नाही!"

मागची सगळी रांग "खरंय, खरंय" म्हणाली. समाधान पुन्हा नऊ टक्क्यांवर आलं. साहेबांनी मॅडमना बोलावलं. टेबलावर खात्याची नळी होती.

"मॅडम, तुमचे डोळे ही आता खासगी बाब राहिलेली नाही. लावा."

"पण साहेब, पाणी आलं ना?"

"एका गल्लीत! उद्या बाकीच्या विचारतील, आमचं कुठाय? मग?"

खिडकी मॅडमची आवडती होती. पण त्या म्हणाल्या, "नको साहेब. मला माझी मुलगी ओळखू येते आता."

त्यांची बदली दूरच्या पंपघरात झाली, जिथे त्यांच्या डोळ्यांकडे बघायला दोन मोटारी आहेत. खिडकीसाठी रीतसर मुलाखती झाल्या आणि नणंदबाईंची निवड झाली. त्या नळीचा एवढ्या वर्षांचा अनुभव दुसऱ्या कुणाकडे नव्हता. व्हॉल्व्ह पूर्ववत बंद करण्यात आला. आजोबा रोज येतात, नणंदबाई ढसाढसा रडतात, आणि आजोबा बादल्या उचलायला नव्या उमेदीने घरी जातात.

मॅडमवर मोठा अन्याय झाला असं वाटून, वाचक, तुमच्याही डोळ्यांत पाणी आलं असेल. आधी आपला मस्कारा किती जुना आहे ते पाहा. नवाच असेल, तर ती खरीखुरी सहानुभूती समजावी. अशा वेळी घाबरू नका. डोळे हलक्या हाताने टिपा, चोळू नका, आणि पुढे काहीही करू नका. तेवढ्याने तक्रार निकाली निघते. व्हॉल्व्ह अजून बंदच आहे, पण तोपर्यंत तुम्हीही मॅडमच्या डोळ्यांकडेच बघत होतात.