रोझीबाईंचा चातुर्मास

या, अशा जवळ बसा. आणि ती हातातली चप्पल आधी खाली ठेवा बघू. भिंतीवर एवढासा कोळी दिसला की लगेच चप्पल उगारायची, हे कुणी शिकवलं तुम्हाला? तो काय तुमच्या ताटात बसलाय? मीही तुमच्यासारखीच होते म्हणा. चाळीस वर्षं दिसला कोळी की मार झाडू, असा माझा कारभार. माझा हात थांबला तो आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या देवकुळ्यांमुळे. त्यांचंच सांगते, ऐका.

आम्ही धायरीला नवीन राहायला आलो तेव्हा शेजारधर्म म्हणून मी त्यांना होळीची पुरणपोळी नेऊन दिली. माणसानं काय करावं? वास घ्यावा, तूप मागावं. यांनी खिशातून व्हर्नियर काढलं. व्हर्नियर म्हणजे कारखान्यात जाडी मोजायची स्टीलची पट्टी असते, तिला दोन जबडे असतात. त्या जबड्यात माझी पोळी धरली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "कडेला तीन, मधे चार. मापात आहे. पास."

मी घरी येऊन सुनेला म्हटलं, समोर वेडा राहतो.

वेडा नव्हता. पिंपरीच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं इन्स्पेक्शनला होता. पुढे परदेशी कंपन्या आल्या, आपलं आपण मोजणारी यंत्रं आली आणि देवकुळ्यांना व्हीआरएस देऊन घरी बसवलं. व्हर्नियर मात्र त्यांच्याबरोबर आलं. लाकडी पेटी, आत निळं मखमल, मखमलीत ते. रोज सकाळी पुसायचे. आणि माणूस घरी बसला तरी इन्स्पेक्शन कुठलं बसतंय! भाजीवाल्याची गवार, माझ्या सुनेनं लावलेला पडदा, सगळ्याला एकतर 'पास' नाहीतर 'रिजेक्ट'. सिंहगड रोडवरच्या खड्ड्यांची खोली छत्री घालून मोजायचे. मागे हॉर्न वाजत असायचे, आणि हे रस्त्यात उभं राहून म्हणायचे, "नऊ इंच. रिजेक्ट."

पण एक नियम होता त्यांचा. तो नीट लक्षात ठेवा. "आक्का," ते म्हणायचे (माझ्याहून दोन वर्षांनी मोठे, तरी मला आक्काच), "पास करायला एकदा मोजलं तरी चालतं. रिजेक्ट करायचं तर दोनदा मोजायचं. मागे कुणाची तरी मेहनत असते."

तर अशा या लोखंडातल्या माणसाला जगात एकाच गोष्टीची भीती. कोळ्याची. बायको होती तोवर, शैला, ती झाडू घेऊन धावायची. ती गेली आणि झाडू माझ्याकडे आला. एकदा सकाळी बेल वाजली. दार उघडते तर देवकुळे. कमरेला टॉवेल, कानावर साबण, मान ताठ. म्हणाले, "आक्का, बाथरूममध्ये पाहुणे आलेत." दिवाळीआधी जळमटं निघायची त्या दिवशी हे पहाटेच पर्वतीवर जाऊन बसायचे. सोसायटीत सगळे म्हणायचे, काय भाविक माणूस.

त्यांना एकच मुलगी, मुक्ता. कंप्युटरवाली. विश्रांतवाडीला मैत्रिणींबरोबर राहायची, म्हणजे शहराच्या अगदी दुसऱ्या टोकाला. ऑफिस लांब पडतं म्हणायची, पण खरं तर घर लांब पडत होतं. शैला होती तेव्हा बापाचं लेकीला आणि लेकीचं बापाला तीच सांगायची. ती गेल्यावर दोघांना एकमेकांशी काय बोलावं तेच कळेना. रविवारी फोन यायचा. माझ्यासमोर आलेला आहे. "जेवलीस? तब्येत? बरं. ठेवू?" झालं, संपला रविवार.

आणि एका मे महिन्यात ही मुक्ता रिक्षातून उतरली ती हातात काचेची पेटी घेऊन. पेटीत माती, एक फुटकं कुंडं आणि कुंड्याच्या तोंडाशी माझ्या तळहाताएवढी, केसाळ, तपकिरी कोळीण! टॅरँट्युला म्हणतात म्हणे. ऑफिसातल्या कुणी तरी नोकरी सोडताना हिच्या गळ्यात घातली होती. नाव रोझी. आता मुक्ताला सहा महिन्यांसाठी कंपनी अमेरिकेला पाठवत होती.

"बाबा, हिला तुम्ही ठेवाल?"

देवकुळे भिंतीला इतके चिकटले होते की कॅलेंडर वाकडं झालं. 'नाही' म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, मी स्वतः बघितलं. तेवढ्यात मुक्ता म्हणाली, "मी रोज सकाळी आठला फोन करीन. कशी आहे विचारायला."

तोंड मिटलं. मग म्हणाले, "माप काय?"

"पाय पसरले की पाच इंच."

"पास," म्हणाले.

पुढचे दिवस काय सांगू तुम्हाला. ज्या माणसानं पुण्यात राहून स्कूटरवर कधी हेल्मेट घातलं नाही, उलट हेल्मेटसक्तीवर वर्तमानपत्राला तीन पत्रं लिहिली, तो माणूस कोळिणीला पाणी द्यायला हेल्मेट घालायचा. वर रेनकोट, हातात शैलाचे धुण्याचे रबरी मोजे. सांडशीला लाकडी पट्टी बांधली होती, तिच्या टोकानं पाण्याची वाटी आत सरकवायची. आणि घाबरून बोलायचे कसे, तर अदबीनं! "अहो रोझीबाई, आपण जरा तिकडे व्हा. वाटी ठेवायची आहे." एवढ्या अदबीनं ते शैलाशी पण कधी बोलले नव्हते.

खाणं म्हणजे रातकिडे. मासे-पक्षी विकणाऱ्या दुकानातून आठवड्याला आणायचे. जन्मात अंड्याला न शिवलेला माणूस, स्टीलच्या डब्यात रातकिडे घेऊन जिना चढायचा. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, डब्यात काय आवाज येतोय हो? हे म्हणाले, "पाहुण्यांचं जेवण." त्या बाई महिनाभर त्यांच्या घरी चहाला गेल्या नाहीत.

पण आठचा फोन यायचा. पहिल्या आठवड्यात दोन मिनिटं, मग पाच. पुढे पंधरा. रोझीबाई कुठे बसल्या, किती सरकल्या, उष्णतामान किती, सगळं वहीत लिहून ठेवायचे आणि वाचून दाखवायचे. वाचता वाचता एखाद दिवशी निघायचं, तिकडे थंडी आहे का, पोळ्या कोण करतं. साडेसातलाच फोनजवळ खुर्ची ओढून बसायचे, दाढी करून. फोनवर दाढी दिसते का? पण करायचे.

आषाढात रोझीबाईंनी खाणं सोडलं.

रातकिडा समोरून चालत गेला तरी ढुंकून बघेनात. एक आठवडा झाला, दोन झाले. मी म्हटलं, आषाढी आलीय, चातुर्मास धरला असेल. देवकुळे हसले नाहीत. "चार महिने?" म्हणाले आणि वहीत खरंच लिहिलं, 'उपास चालू.' मुक्ता फोनवर म्हणायची, काळजी करू नका, ही जात उपाशी राहते कधी कधी. यांचं समाधान होईना. श्रावण गेला, सोसायटीतले गणपती उठले, तरी उपास चालूच. बाईंचं पोट काळं पडत चाललं, अंगाची चमक गेली. देवकुळे स्वतः अर्धी पोळी कमी खायला लागले.

एक दिवस माझ्याकडे वाटीभर शिरा घेऊन बसले होते. शिरा तसाच. एकदम म्हणाले, "आक्का, ही गेली तर आठचा फोन कशाला येईल हो?"

मी वाटी उचलली आणि शिरा पुन्हा गरम करून आणला.

आणि त्याच आठवड्यात, सकाळी साडेसातला, बेल वाजली. देवकुळे दारात, अर्ध्या गालावर साबण. "उलट्या पडल्यात," एवढंच म्हणाले.

जाऊन बघते तर रोझीबाई पाठीवर उताण्या, आठही पाय वर, हालचाल शून्य. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे असं कुणी दिसलं तर आपण काय समजतो? मी घरी गेले, देव्हाऱ्यातली गंगाजलाची कुपी आणली, कुंडीतलं तुळशीचं पान खुडलं. दोन महिने उपास करून गेलेला जीव, तोंडात दोन थेंब तरी पडावेत. झाकण उचलायला हात घातला तर देवकुळ्यांनी माझं मनगट धरलं.

"थांबा. हे रिजेक्ट करणं झालं. दोनदा मोजायचं."

"अहो, मेलेलं काय मोजायचं?"

"मेलंय हे कुणी मोजलं?"

त्यांनी काचेवर लिहायचं पेन आणलं. काचेला डोळा लावला आणि रोझीबाईंच्या एका पायाच्या टोकासमोर बाहेरून बारीक ठिपका काढला. मग घड्याळ लावून बसले. दहा मिनिटांनी पुन्हा डोळा लावला. पाय ठिपक्यावरच. "एकदा मोजलं," म्हणाले.

तेवढ्यात आठ वाजले आणि फोन वाजला.

देवकुळे उठले नाहीत. फोन वाजतोय, मी त्यांच्याकडे बघतेय, ते काचेकडे बघतायत. त्यांनी दुसऱ्या पायासमोर ठिपका काढला. वाजून वाजून फोन बंद पडला. इतक्या महिन्यांत आठचा फोन पहिल्यांदा असा रिकामा गेला. माझ्या हातातलं तुळशीचं पान घामानं चिकटलं होतं.

दहा मिनिटं. भिंग घेतलं, नाक काचेला टेकवलं. आणि मला म्हणाले, "आक्का, तुम्ही बघा. माझे डोळे आता भरवशाचे नाहीत."

मी बघितलं. पायाचं टोक ठिपक्यापासून सुटलं होतं. केसाएवढंच, पण सुटलं होतं.

फोन पुन्हा वाजला. या खेपेला त्यांनी धावत जाऊन उचलला. "मुक्ता, बाई हलल्या. अर्धा मिलिमीटर." मग सगळं सांगितलं, उताण्या पडल्यात वगैरे. पलीकडून मुक्ताचा आवाज मला खोलीभर ऐकू आला.

"बाबा, हात नाही ना लावलात? ती कात टाकतेय! आता हात लावला तर मरेल. मला वाटलं नव्हतं इतक्यात टाकेल, नाहीतर आधीच सांगून ठेवलं असतं. हात नाही ना लावला?"

"हात? मी?" देवकुळे म्हणाले.

मी गंगाजलाची कुपी पदराआड घातली.

मग त्यांनी फोन काचेच्या पेटीजवळ ओढला आणि आम्ही तिघं बसलो, दोघं इथे, एक अमेरिकेत. देवकुळे सांगत होते, ती ऐकत होती. बाईंच्या छातीशी चीर पडली. ओल्या चोळीच्या बाहीतून हात काढावा तसा एकेक पाय जुन्या कातडीतून बाहेर यायला लागला. याला वेळ लागतो हो. मधे बोलायला काही नसायचं, तरी फोन कुणी ठेवेना. अशाच एका वेळी देवकुळे म्हणाले, "तुझी आई असती तर?"

मुक्ता म्हणाली, "झाडू घेऊन आली असती."

दोघं हसले. शैला गेल्यापासून त्या घरात तिचं नाव कुणी काढलं नव्हतं. मी उठून चहा टाकायला गेले. चहाचं निमित्त, दुसरं काय.

दहाला परत येऊन बघते तर रोझीबाई बाहेर! कोऱ्या करकरीत, अंगावर गुलाबी झाक, शेजारी जुनी कात नुसती रिकामी पडलेली. देवकुळे फोनमध्ये ओरडले, "पास!" त्या माणसाला मी पहिल्यांदा ओरडताना ऐकलं. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, सकाळपासून नाक काचेला लावून बसलेत, पण हेल्मेट घातलेलंच नाही. रेनकोट नाही, मोजे नाहीत. अर्ध्या गालावर साबण वाळून पांढरा झालेला.

बाईंचं अंग घट्ट झाल्यावर, आठवड्यानं, ती कात त्यांनी उघड्या हातानं बाहेर काढली. दसऱ्याला रोझीबाईंनी एक रातकिडा खाऊन उपास सोडला. देवकुळ्यांनी जिन्यात सगळ्यांना श्रीखंड वाटलं, तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना पण. त्यांनी आधी हुंगून बघितलं.

दिवाळीत मुक्ता आली. मला वाटलं, आता पेटी घेऊन जाणार आणि हे पुन्हा एकटे. चहाला माझ्याकडे आली तेव्हा मी विचारलंच. म्हणाली, रोझी इथेच राहू दे, मीच येत जाईन शनिवारी. मग कपातल्या चहाकडे बघत म्हणाली, "आक्का, ऑफिसातला एक मित्र सांभाळायला तयार होता तेव्हा. त्याच्याकडे तर अशा तीन आहेत."

"मग बाबांना कशाला गं छळलंस? एवढा भित्रा माणूस."

"मित्राला रोज आठला फोन कशाला केला असता मी?"

हे मी देवकुळ्यांना सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका. त्यांना वाटतं, त्यांनी मुलीसाठी कोळीण सांभाळली. वाटू दे.

मुक्ता आता दर शनिवारी येते, रविवारी संध्याकाळी जाते. बाथरूममध्ये कोळी दिसला की देवकुळे अजून माझी बेल वाजवतात. मी म्हटलं, अहो, घरात एवढी मोठी सांभाळता आणि या चिमुरड्याला घाबरता? तर म्हणतात, "त्याची आणि माझी ओळख नाही." पण झाडू मात्र आणू देत नाहीत. पेला आणि पोस्टकार्ड घेऊन यायचं, त्याला अलगद धरायचं आणि खाली बागेत नेऊन सोडायचं.

आणि ती मखमलीची लाकडी पेटी असते ना, तिच्यात आता रोझीबाईंची कात ठेवलेली असते. व्हर्नियर चमच्यांच्या खणात पडलेलं असतं. परवा मी पोळी दिली तर न मोजताच खाल्ली.

तर या एकदा धायरीला. लवकर या, शनिवारी आलात तर मुक्ताही भेटेल. रोझीबाई दाखवते. देवकुळे तुम्हाला बघून पास-नापास काहीतरी म्हणतील, मनावर घेऊ नका. फक्त चप्पल दाराबाहेर काढून या. हातात घेऊन येऊ नका.